चार-शून्य, पण निरंक

२९ ऑगस्ट १९३१. शनिवारची दुपार. इंग्लंडच्या वायव्येला चेस्टर नावाचं तटबंदीचं जुनं गाव आहे, तिथल्या सीलंड रोडच्या मैदानावर फुटबॉल लीगचा पहिलाच सामना झाला. चेस्टरचा क्लब त्याच उन्हाळ्यात लीगमध्ये आला होता. तोवर तो चेशायर काउंटी लीगमध्ये, म्हणजे आसपासच्या गावांच्या पंगतीत बसायचा. लीगच्या वार्षिक सभेत मतं पडली, नेल्सन नावाच्या क्लबला पाटावरून उठवलं गेलं आणि तो पाट चेस्टरला मिळाला. तिसऱ्या डिव्हिजनचा उत्तर विभाग. पहिल्या सामन्याला समोर विगन बरो. चेस्टरनं चार गोल केले, एकही खाल्ला नाही, दोन गुण खात्यात टाकले. चार दिवसांनी, बुधवारी, शेजारच्या रेक्समला जाऊन १-१ अशी बरोबरी साधली. नव्या क्लबाला याहून चांगला शकुन कुठला? पण ऑक्टोबर संपता संपता विगन बरोनं लीग सोडली आणि लीगनं विगनचे तोवरचे सगळे सामने वहीतून काढून टाकले. तेव्हापासून चेस्टरचा लीगमधला पहिला सामना कोणता, तर रेक्समचा. आधीची ती ४-० ची दुपार हिशेबात धरायची नाही. तो पहिला गोल पहिला नाही, ते दोन गुण दोन नाहीत. सरकारी तक्त्यात मोकळ्या रकान्यात लिहितात तसं, निरंक.

ही एवढीशी गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या हंगामात याहून मोठं बरंच काही घडलं, पण गुणतक्ता कितीही वेळा पाहिला तरी नजर तिथेच जाते, जिथे काही लिहिलेलं नाही.

सामने पुसायचे म्हणजे नेमकं काय करायचं, ते आधी पाहू. उत्तर विभागात २२ क्लब होते. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर खेळायचं, म्हणजे प्रत्येकी ४२ सामने. विगनचे १२ झाले होते, ३० राहिले होते. आता लीगपुढे वाटा तीनच. उरलेल्या ३० सामन्यांत समोरच्याला फुकट विजय द्यायचा, झालेले १२ तसेच ठेवून पुढचे सोडून द्यायचे, किंवा सगळंच साफ करायचं. पहिल्या वाटेनं गेलं तर ज्यांनी सप्टेंबरात घाम गाळून विगनशी बरोबरी केली त्यांना एक गुण, आणि ज्यांची पाळी फेब्रुवारीत होती त्यांना घरबसल्या दोन. दुसरी वाट धरली तर कुणाचे ४०, कुणाचे ४१, कुणाचे ४२ सामने, आणि मे महिन्यात भांडणं. म्हणून तिसरी. विगनशी खेळलेला प्रत्येक सामना वजा, त्यातले गुण वजा, केलेले आणि खाल्लेले गोल वजा, एखाद्या सेंटर फॉरवर्डनं विगनवर मारलेले गोल त्याच्या नावावरून वजा. २१ क्लब, प्रत्येकी ४० सामने, एकूण ४२० सामन्यांचा नवा तक्ता. हिशेबापुरतं पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. लीगच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी हेच केलं असतं.

फक्त पाय मुरगळला असेल तर तो वजा होत नाही.

आणि असं करण्याचा नियम दगडावर कोरलेला होता असंही नाही. बाराच वर्षांपूर्वी, १९१९ च्या ऑक्टोबरात, याच लीगनं लीड्स सिटी क्लबला हिशेबाच्या वह्या दाखवायला नकार दिला म्हणून हाकललं होतं. त्यांचे आठ सामने झाले होते. ते पुसले नाहीत. पोर्ट व्हेल क्लबला बोलावलं, लीड्सच्या जागी बसवलं आणि लीड्सनं मिळवलेले १० गुण त्यांच्या पदरात टाकले. दत्तक आल्याबरोबर इस्टेट नावावर व्हावी तसं. लीड्सच्या खेळाडूंचा मात्र गावातल्या मेट्रोपोल हॉटेलात लिलाव झाला, एकेकाची किंमत ठरवून. म्हणजे १९१९ मध्ये सामने वारसानं दुसऱ्याकडे गेले आणि १९३१ मध्ये बेवारस ठरले. फरक एवढाच की विगनच्या जागी हंगामाच्या मध्यावर येऊन बसेल असा कुणी पोर्ट व्हेल तयार नव्हता.

विगन का बुडालं हे समजायला फार खोल जावं लागत नाही. लँकशायर परगण्यातलं, कोळशाच्या खाणींचं आणि सूतगिरण्यांचं गाव, आणि दोन्ही धंदे एकदमच बसलेले. त्यात हे गाव मुळात रग्बीचं. सेंट्रल पार्कवर रग्बी लीगचा संघ खेळायचा आणि गावाचा जीव तिथे अडकलेला. फुटबॉलला उरलेलं पब्लिक. मोठ्या माणसाला मैदानात शिरायला कमीत कमी एक शिलिंग पडे. लीगनंच ठरवून दिलेला दर, त्याखाली तिकीट विकता येत नसे. एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स. तेव्हा रुपयाचा भाव १८ पेन्सला बांधलेला, तेव्हा आपल्याकडच्या हिशेबानं १० आणे ८ पै. त्या सप्टेंबरातल्या तातडीच्या अंदाजपत्रकात बेकारभत्ता कापला गेला. मोठ्या पुरुषाला आठवड्याला १७ शिलिंग मिळायचे, ते १५ शिलिंग ३ पेन्स झाले. भाडं, कोळसा, पाव, चहा, मुलांचे बूट, सगळं त्यातच. त्यातला एक शिलिंग हरणाऱ्या संघावर घालायचा का, हा प्रश्न त्या घरात विचारलाही जात नसणार. माणसं मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी राहून आवाजावरून गोल ओळखत असतील तर त्यांना दोष कसा द्यायचा.

क्लबाचा खर्च मात्र पब्लिक आलं काय, न आलं काय, तेवढाच. खेळाडूचा जास्तीत जास्त पगार लीगनं बांधून दिला होता, हंगामात आठवड्याला ८ पौंड आणि उन्हाळ्यात ६. आठ पौंड म्हणजे १०६ रुपये १० आणे ८ पै. तिसऱ्या डिव्हिजनमधल्या बऱ्याच क्लबांना एवढा पगार परवडत नसे, पण कमी द्यायचे म्हटलं तरी पंधरा-वीस माणसांचे पगार दर आठवड्याला. शिवाय रेल्वे. मुळात तिसरी डिव्हिजन उत्तर आणि दक्षिण अशी दोन तुकड्यांत ठेवली ती याच खर्चापायी, नाहीतर पार उत्तरेच्या कार्लाइलच्या पोरांना दर पंधरवड्याला इंग्लिश खाडीच्या काठापर्यंत जावं लागलं असतं. पण विभाग केला म्हणून अंतर मिटत नाही. बॅरो हे बंदर नकाशात एका जिभेच्या टोकाला आहे. तिथे जायचं म्हणजे आयरिश समुद्राच्या काठाकाठानं जाणारी एकच गाडी आणि परतताना रात्र. तिथून हल म्हणजे या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. बदली खेळाडू नावाचा प्रकार नव्हताच, तो १९६५ मध्ये आला. त्यामुळे न्यायचे अकरा, फार तर अडीनडीला बारावा, आणि विसाव्या मिनिटाला कुणाचा गुडघा गेला की उरलेला सामना दहा जणांनी खेळायचा, किंवा त्या लंगड्याला विंगवर उभं करून ठेवायचं, म्हणजे निदान समोरचा एक माणूस त्याच्यावर नजर ठेवण्यात गुंतेल. विगन गेल्यावर बाकीच्या प्रत्येक क्लबाची घरची एक गल्ल्याची दुपार बुडाली. वर्षाला २१ च होत्या, त्या २० झाल्या. मेलेल्या क्लबानं मागे राहिलेल्यांच्या खिशातूनही काही ना काही नेलंच.

आणि या सगळ्या डोलाऱ्याच्या मुळाशी एक चामड्याचा चेंडू.

तो तयार कसा व्हायचा ते पाहण्यासारखं आहे. वरची पिशवी जाड गाईच्या चामड्याच्या पट्ट्यांची, आतून शिवून मग उलटवलेली, एका बाजूला चारेक बोटांची चीर ठेवलेली. चिरेतून रबरी ब्लॅडर घडी करून आत सरकवायचा आणि सगळीकडे सारखा पसरला ना, हे बोट घालून चाचपायचं. एक घडी आत राहिली की चेंडू कायमचा एका अंगाला झुकतो. मग पंपानं हवा. हवा भरली की ब्लॅडरची नळी दुमडायची, दोऱ्यानं आवळून बांधायची आणि चिरेखालच्या चामडी जिभेखाली दाबून बसवायची. गाठ जाड झाली तर तिथे टेंगूळ येतं आणि चेंडू जमिनीवरून घरंगळताना दर फेरीला किंचित उडी मारतो. शेवटी आकड्याच्या आरीनं वादी ओवायची, घट्ट ओढायची, टोक आत खुपसायचं. हवा थोडी जास्त भरली तर शिवणी ताणून चेंडू भोपळ्यासारखा होतो. कमी भरली तर ओल्या मैदानावर तो टप्पाच घेत नाही. नियमाप्रमाणे वजन १३ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम, पण ते सामना सुरू होतानाचं. मध्यंतरापर्यंत लँकशायरचा पाऊस पिऊन तो किती झाला हे कुणी तोलत नसे. पाणी मुरू नये म्हणून चरबी आणि मेणाचा लेप चोळायचे. तो कमी पडला तर चामडं पाणी पितं, जास्त झाला तर चामडंच मऊ पडून फुगतं. असा चेंडू डोक्यावर घ्यायचा तर वादी कुठल्या बाजूला आहे ते हवेतच पाहावं लागे. चांगला विंगर क्रॉस देताना वादी सेंटर फॉरवर्डच्या कपाळाला लागणार नाही अशी फिरवून द्यायचा, असं त्या काळातल्या लोकांनी फार वेळा सांगितलंय. खरं किती आणि फुशारकी किती, देव जाणे. पण कपाळावर वादीचा वळ घेऊन सोमवारी कामावर गेलेल्यांची गोष्ट मात्र पटते.

बुटांची तीच तऱ्हा. घोट्याच्या वर येणारे जाड बूट, तळाला चामड्याच्या चकत्या एकावर एक ठेवून केलेले स्टड, प्रत्येकात तीन खिळे. मैदान गोठलं की चकत्या झिजतात आणि खिळ्यांची डोकी बाहेर येतात, म्हणून सामन्याआधी तळवे तपासायचे. गोठण टाळायला आदल्या रात्री मैदानावर पेंढा पसरायचा आणि सकाळी माणसं लावून तो उचलायचा. उचलायला उशीर झाला तर खालची माती चिखल झालेली. दिवे नव्हतेच. डिसेंबरात तिकडे सूर्य चारच्या आत बुडतो, म्हणून सामना दोन-सव्वादोनला सुरू करायचा, आणि तरी शेवटची दहा मिनिटं धूर, धुकं आणि संधिप्रकाशात. शर्टांवर आकडे नाहीत, ते १९३९ मध्ये आले. पलीकडच्या गोलजवळ नेमका कुणी मारला हे बहुतेकांना मागून कळायचं. नाताळच्या दिवशी एक सामना आणि दुसऱ्या दिवशी त्याच संघाशी परतीचा, हा तर रिवाज. आदल्या दिवशी ज्यानं पायात पाय घातला तोच चोवीस तासांत पुन्हा समोर, आणि मधल्या वेळात दोघांनीही घरी टर्की खाल्लेली.

आता वरच्या टोकाकडे. लिंकन सिटी आणि गेट्सहेड, दोघांचे ४० सामन्यांत ५७ गुण. उत्तर विभागातून एकच क्लब वर जायचा. लिंकनला ही जागा ओळखीची होती: १९२७-२८ मध्ये दुसरे, १९३०-३१ मध्ये पुन्हा दुसरे, आणि त्या वेळी ५८ गुणांच्या चेस्टरफील्डपुढे एका गुणानं. गुण तेव्हाही ५७ च होते, ४२ सामन्यांत. गेट्सहेड म्हणजे खरं तर साउथ शील्ड्सचा क्लब. तिकडे पब्लिक येईना म्हणून १९३० मध्ये बिऱ्हाड उचलून टाइन नदीच्या काठाकाठानं गेट्सहेडला आलेला, रेड्यू पार्कवर. नाव नवं, देणी जुनी. गुण सारखे झाले की निकाल गोल सरासरीवर लागायचा. आजच्यासारखी वजाबाकी नाही, भागाकार: केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. लिंकनचे १०६ भागिले ४७, म्हणजे २.२५५. गेट्सहेडचे ९४ भागिले ४८, म्हणजे १.९५८. लिंकन वर.

हा भागाकार वाटतो तितका साधा नाही. गेट्सहेडनं एक गोल जास्त केला असता तर सरासरी १.९५८ वरून १.९७९ झाली असती. त्याऐवजी एक गोल कमी खाल्ला असता तर थेट २. म्हणजे अडवलेला एक गोल हा केलेल्या दोन गोलांच्या तोडीचा. लिंकनला गाठायला त्यांना आणखी १५ गोल करावे लागले असते, पण नुसते ७ कमी खाल्ले असते तरी काम झालं असतं. त्या काळचे मॅनेजर फळ्यावर ही गणितं मांडत बसत नसतील, तरी हाडात हे मुरलेलं होतं, आणि ३-० ने पुढे असताना बॅक लोक चेंडू स्टँडमध्ये का भिरकावतात याचं उत्तरही यातच आहे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला, पुढच्या खेळाडूसमोर तीनऐवजी दोनच माणसं पुरेशी ठरली, आणि गोलांचा पूर आला. बंधारा म्हणून सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या मधल्या माणसाला, मागे खेचून दोन बॅकच्या मध्ये उभा केला. तो बंधारा ज्याचा जमला तो वर. लिंकनकडे त्या जोडीला ॲलन हॉल होता; एका हंगामात लीगचे ४१ गोल, तो क्लबाचा विक्रम आहे. विगनशी ठरलेले दोन-दोन सामने दोघांच्याही हिशेबातून गेले, चार-चार गुणांची संधी गेली, आणि शेवटी उरलं काय तर दशांशचिन्हानंतरचं. गेट्सहेडचा तो क्लब पुन्हा कधीच दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पोचला नाही. १९६० मध्ये मतं कमी पडून तो लीगबाहेर गेला.

तळाला रॉचडेल. हे नाव महाराष्ट्रात फुटबॉलमुळे कुणाला माहीत नाही, पण सहकाराच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकानं ते पाठ केलेलं असतं. १८४४ चा डिसेंबर, टोड लेनमधलं दुकान, २८ संस्थापक, लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. आपल्या गावोगावच्या सोसायटीच्या पोटनियमांत जे 'एक सभासद, एक मत' आहे त्याचं मूळ या गावात. त्याच गावच्या फुटबॉल क्लबानं १९३१-३२ मध्ये ४० सामन्यांत ४ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि ३३ हरले. ४८ गोल केले, १३५ खाल्ले. ११ गुण. हिवाळ्यात सलग १७ पराभव, त्या विभागात कुणी पाहिले नव्हते असे. स्पॉटलंडच्या घरच्या मैदानावर सलग १३. तेरा वेळा माणसं शिलिंग मोजून आत गेली आणि हरून बाहेर आली. चौदाव्या वेळी जी गेली त्यांचा विचार केला की हसू आणि काहीतरी वेगळंच, दोन्ही एकदम येतं.

आणि आता गंमत अशी, की तळाच्या दोघांनी उन्हाळ्यात लीगच्या सभेपुढे हात जोडून उभं राहायचं, पुन्हा निवडून घ्या म्हणून. मतं कुणाची? पहिल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनच्या ४४ पूर्ण सभासद क्लबांची. तिसऱ्या डिव्हिजनचे क्लब सहयोगी सभासद. स्वतःचं असं मत त्यांना नाही, सगळ्यांच्या वतीनं मोजकी मतं. एक सभासद एक मत जगाला शिकवणाऱ्या गावाचा क्लब, आणि त्याच्या हातात मतपत्रिकाच नाही! लंडनच्या सभेत कुणाला दोन घोट पाजायचे, कुणाला आपल्या मैदानाचं छप्पर दाखवायचं, हे तिसऱ्या डिव्हिजनच्या सेक्रेटऱ्याचं मे-जूनमधलं खरं काम. ३३ पराभवांनंतरही रॉचडेलला परत घेतलं. विगननं रिकामी केलेली जागा होतीच. ती भरायला मॅन्सफील्डला दक्षिणेतून उत्तरेत सरकवलं आणि दक्षिणेत न्यूपोर्टला परत बोलावलं. रॉचडेलच्या नशिबाला विगनचं सरण कामाला आलं, असं म्हणायचा मोह होतो. पण घेतलं ते मतांनी, दयेनं की हिशेबानं, ते मत देणाऱ्यांना माहीत.

ज्याची जागा चेस्टरला मिळाली त्या नेल्सनला एवढी दया मिळाली नव्हती. हा क्लब १९२३ मध्ये उत्तर विभागाचा विजेता, त्याच मे महिन्यात स्पेनला जाऊन रिआल माद्रिदला ४-२ नं हरवून आलेला. आठ वर्षांनी, १९३०-३१ च्या हंगामात, बाहेरच्या मैदानांवर २१ सामने खेळला आणि २१ च्या २१ हरला. नेल्सन हे मागवाल्यांचं गाव, सगळा जीव सुती कापडावर. त्याच हंगामात, १२ डिसेंबर १९३० च्या शुक्रवारी, मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू तिच्या चाकाखाली गेला. तोही गिरणीतलाच माणूस. दुसऱ्या दिवशी शनिवार. लँकशायरमध्ये नेहमीसारख्या शिट्ट्या वाजल्या असणार. या दोन गोष्टींत सरळ दोरी बांधता येत नाही. जपानी कापड होतं, जगभरची मंदी होती, आपल्याच गिरण्यांचा माल होता. बहिष्कार हे त्यातलं एक. पण मराठी माणसानं नेल्सनचा '० विजय, ० बरोबरी, २१ पराभव' हा रकाना वाचताना काळबादेवी अजिबात आठवू नये, असंही होत नाही. मन कुठल्या बाजूला उभं करायचं ते कळत नाही. बरं, गाव खेळातून उठलं असंही नाही. फुटबॉल क्लब बुडत होता त्याच वर्षांत तिथल्या क्रिकेट क्लबाकडे वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाइन होता आणि १९२९ ते १९३७ या नऊ हंगामांत त्यांनी लँकशायर लीग सात वेळा जिंकली. त्यानंतर १९३८ मध्ये त्याच क्लबात आले आपले लाला अमरनाथ.

गांधीजी लँकशायरला गेले ते याच हंगामाच्या सुरुवातीला. डार्वेनच्या गिरणीबाहेर कामगार बायांच्या घोळक्यातला त्यांचा तो हसरा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. तारीख २६ सप्टेंबर १९३१. पाच दिवसांपूर्वी पौंडानं सोन्याची साथ सोडलेली. तो शनिवार होता, म्हणजे फुटबॉलचा वार. चेस्टरचा ४-० अजून तक्त्यात शाबूत होता आणि विगनकडे बरोबर चार आठवडे उरले होते. त्याच डार्वेनचा हौशी वळणाचा संघ पुढे जानेवारीत एफए कपात, म्हणजे हरला तो बाद अशा स्पर्धेत, आर्सेनलच्या मैदानावर गेला आणि ११-१ असा हरून आला. तो निकाल मात्र कुणी पुसला नाही. तो आजही आर्सेनलच्या मोठ्या विजयांत ठळक छापतात.

२४ ऑक्टोबरच्या शनिवारी विगन बरो शेवटचं खेळलं, रेक्समला. ०-५. सोमवारी, २६ तारखेला, राजीनामा. हंगामाच्या मध्यात लीग सोडणारा हा पहिला क्लब. मंगळवारी देशात सार्वत्रिक निवडणूक होती, त्यामुळे विगनची बातमी कुठल्या कोपऱ्यात किती ओळींत बसली असेल याचा अंदाज करता येतो. रेक्समचे पाच गोलही अर्थात गेले. पुढच्या वर्षी गावात नवा क्लब निघाला, विगन ॲथलेटिक, आणि त्यानं तेच स्प्रिंगफील्ड पार्क २,८५० पौंडांना विकत घेतलं. मैदान, गवत, उतार, सगळं तेच. लीगमध्ये शिरायला मात्र १९७८ उजाडलं. असे पुसलेले हंगाम नंतर आणखी दोनच. १९६२ मध्ये ॲक्रिंग्टन स्टॅन्ली, ३३ सामने. १९९२ मध्ये ऑल्डरशॉट, ३६.

चेस्टर त्या पहिल्या हंगामात तिसरं आलं, ५० गुणांवर. चौथ्या ट्रॅनमिअरचे ४९. विगनवरच्या विजयाचे दोन धरले तर चेस्टरचे ५२ होतात आणि जागा तीच राहते, तिसरी. कुणाचं काही बिघडलं नाही. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे परतीचा सामना हिवाळ्यात विगनला, स्प्रिंगफील्ड पार्कवर व्हायचा होता. तो झालाच नाही, त्यामुळे तो पुसावा लागला नाही.